रस्ता पंचायतीचा

चाफेवाडी, ता. राधानगरी
१२ जानेवारी २०२५

प्रसेन,

जयभीम घे. अबोला माझ्याशी आहे, जयभीमशी नाही.

माझ्या फोनवरनं तुझा नंबर लावला की अर्धी रिंग वाजून तुटतो. तुझे भावजी म्हणाले, "ब्लॉक केलंय तुला, आता गप बस." साधा माणूस आहे तो, त्याला वाटतं ब्लॉक केलं म्हणजे विषय मिटला. पण पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही. पत्ता प्रीतीनं दिला. बायकोवर चिडू नकोस. तिनं खूप आढेवेढे घेतले, शेवटी लसणाच्या चटणीवर तडजोड झाली.

आधी आईचं सांगते. तब्येत झकास आहे. गुडघा दुखतो, पण भांडायला उभी राहिली की तो दुखायचा थांबतो. गेल्या वर्षी ती तुझ्याकडं चंद्रपूरला राहायला आली आणि पंधरवड्यात परत निघाली, ते मी फूस लावली म्हणून, असं तुझं म्हणणं आहे. पुन्हा एकदा लिहून देते. मी फोन केला होता तो म्हैस व्याली हे सांगायला. ते ऐकून आईनं पिशवी भरली. भांडायचं असलं तर म्हशीशी भांड.

आता माझं. आरक्षण पडलं, मी उभी राहिले आणि निवडून आले. तुझी आक्का सरपंच आहे. प्रीतीनं सांगितलं असेलच, तरी माझ्या हातानं लिहायची हौस होती.

आणि गावावरच्या कातळाच्या पठारावर, आपल्या सड्यावर, कंपनी आली आहे. कोळसा नव्हे, बॉक्साइट. तू जिथं इंजिनिअर आहेस तो खड्डा काळा, आमचा तांबडा होणार, एवढाच फरक. कंपनीकडून मोहित नावाचा एक तरणा साहेब येतो. आपल्या मातीत पांढरे बूट घालून येतो, त्यामुळं मला त्याचा राग येत नाही, कीव येते. परवा म्हणाला, "मॅडम, खाणपट्टा सरकारनं दिलाय. पंचायतीनं काही करायचं नाही. फक्त गावच्या रस्त्यावरून डंपर जायला एक ना हरकत दाखला. नुसती फॉर्मॅलिटी."

मी म्हटलं, "फॉर्मॅलिटीसाठी तिसऱ्यांदा आलाय व्हय?"

त्यानं चहा एका घोटात संपवला आणि फाइल मिटली.

माझं मत सांगून ठेवते. मला ही खाण नको. सड्याच्या पोटातनं आपल्या बौद्धवाडीचा झरा निघतो. वरच्या आळीला नळ आहे, टाकी आहे; आपल्याला झराच. तुला याच्यातलं कळतं, म्हणून काही विचारायचं होतं. पण आधी हे पत्र फोडतोस का बघू.

आक्का

ता. क. दादांचं सड्यावरचं वावर ठीक आहे. त्याच्याबद्दल विशेष काही नाही. सहज लिहिलं.


चाफेवाडी
२८ जानेवारी २०२५

प्रसेन,

उत्तर आलं नाही, पण पत्र परतही आलं नाही. म्हणजे फोडलंस.

सव्वीस जानेवारीची ग्रामसभा झाली. एरवी झेंडावंदन झालं की लोक जिलेबीचा पुडा घेऊन घरी. या वेळी शाळेचं पटांगण भरून बाहेर रस्त्यावर माणसं. आपले उपसरपंच पिराजी पहिल्यांदा उठले. वरच्या आळीचा सगळा तरणा गट त्यांच्या मागं, आणि त्या गटाला खाण हवी आहे. पिराजी म्हणाले, "आमची पोरं उचगावला एकेका खोलीत सहा-सहा जण झोपत्यात. फौंड्रीत हात भाजून घेत्यात. सरपंचबाईंचं मालक बी तिथंच हायत. गावात काम आलं तर काय वाईट झालं? सांगा की!"

प्रसेन, खरंच होतं ते. तुझे भावजी सुट्टी काढून आले होते आणि मागं बसून माना हलवत होते. घरी चला, मग बघते, म्हटलं.

तेवढ्यात आपल्या वाडीतल्या चिमणाबाई उठल्या. "झरा आटला तर आमी काय कंपनीची माती पिऊ?"

मोहित म्हणाला, "अहवालात स्पष्ट लिहिलंय, पाण्यावर काही परिणाम नाही."

"अहवाल भरून ठिवा मग हांड्यात!"

मग जो कालवा झाला त्यात कोण काय बोलतंय ते कळेना. ग्रामसेवकांनी माइकवर "शांतता, शांतता" म्हणून घसा बसवून घेतला. आणि आई उठली.

"गप बसा समदी! खाण बघितलीया का कुणी? मी बघितलीया. माझ्या लेकाची."

उभी होती ती माणसं खाली बसली.

"अशी खोल, की तळाचा डंपर वरनं ढेकणाएवढा दिसतोय. पायऱ्या पायऱ्यांनी उतरत गेलीया. आन् माझा ल्योक डोस्क्यावर टोपी घालून काठावर हुबा असतोय. त्येनं हात वर केल्याबिगर तिथं दगड हालत न्हाय. त्येला इचारा की! आपल्या गावचा इंजिनेर सोडून कुणाकुणाचं ऐकत बसलाय?"

तू काठावर टोपी घालून उभा असतोस हे खरं असेल. दगडाचं मला माहीत नाही. पण गावाला पटलं. पिराजी म्हणाले, "हे बेस हाय. प्रसेनजीत सांगंल ते ऐकू." त्यांना वाटतं तुझं पोट खाणीवर, म्हणजे तू त्यांचा. आपल्या वाडीला वाटतं तू वाडीचा, म्हणजे आमचा. सगळ्यांचे हात वर. ठराव मंजूर. तुझा सल्ला घ्यायचा, आणि तो सरपंचांनी घ्यायचा.

सगळं गाव माझ्याकडं बघत होतं. तो माझ्याशी बोलत नाही, असं मी सांगायला हवं होतं.

मी म्हटलं, "विचारते की. त्यात काय एवढं."

आक्का


ग्रामपंचायत कार्यालय, चाफेवाडी
२ फेब्रुवारी २०२५

प्रति,
मा. श्री. प्रसेनजीत गणपती, खाण अभियंता, चंद्रपूर

विषय : नियोजित बॉक्साइट खाणीबाबत तज्ज्ञ सल्ला मिळणेबाबत, तसेच सदर कामापुरता अबोला स्थगित करणेबाबत.

संदर्भ : १) ग्रामसभा ठराव, दि. २६ जानेवारी. २) मातोश्री शेवंताबाई यांची तोंडी सूचना, रोज सकाळ-संध्याकाळ.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, पंचायत सदर खाणीस नकार देऊ शकते काय, देऊ शकत नसल्यास पंचायतीच्या हाती नेमके काय आहे, आणि खोदकामाने झऱ्याचे काय होईल, याबाबत आपला अभिप्राय सत्वर पाठवावा. विलंब झाल्यास मातोश्री स्वतः चंद्रपूरला येऊन अभिप्राय घेतील, याची नोंद घ्यावी.

इथपर्यंतचा मजकूर ग्रामसेवकांनी तपासला. विषयाची दुसरी ओळ त्यांनी खोडली होती, मी परत घातली. इथून पुढं मी एकटी लिहिते आहे.

पहिल्या पत्रात वावर ठीक आहे लिहिलं, ते खोटं. कंपनीच्या नकाशात दादांचं वावर आत आहे. दादा गेल्यावर आईनं आपला हक्क सोडला, म्हणून सातबाऱ्यावर तुझं-माझं दोघांचंच नाव. जमीन द्यायची तर दोघांची सही हवी. मोहितनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं, "तुमच्या भावाशी फोनवर बोलणं झालंय. ते पॉझिटिव्ह आहेत."

हे मी तुला विचारलं नाही. विचारलं असतं आणि तू हो म्हणाला असतास, तर गावासमोर मी काय बोलणार होते, हे एक. पण खरं कारण गाव नव्हे. दादांनी त्या जांभ्याच्या कातळावर टोपलीनं माती वाहून ते वावर केलं. आपण दोघं त्यांच्यामागं छोट्या टोपल्या घेऊन चालायचो, आणि तू अर्ध्या वाटेत माती सांडून रिकामी टोपली डोक्यावर घालून नाचायचास. त्या वावरावर तू मला न विचारता सही करणार असशील, तर ते मला ऐकवणार नाही.

म्हणून आता विचारते. खरं काय ते कळव.

आपली विश्वासू,
संयोगिता, सरपंच
(आक्का)


चाफेवाडी
३ मार्च २०२५

प्रसेन,

काल तू आईला फोन केलास. मी शेजारी बसले होते, हे तुला माहीत होतं. तुला माहीत आहे हे मलाही माहीत होतं. तरी तू आईला म्हणालास, "सरपंचांना सांग, नाही म्हणायचा अधिकार पंचायतीला नाही. पट्टा सरकारचा आहे."

आई म्हणाली, "न्हाय म्हणता येत न्हाय म्हणं गं."

मी म्हटलं, "इंजिनिअर साहेबांना विचार, मग पंचायत ठेवलीय कशाला? झेंडा लावायला?"

"आरं, झेंडा लावायला हाय का म्हणं पंचायत?"

"सरपंचांना विचार, सड्यावर जायचा रस्ता कुणाचा आहे?"

आणि मी विसरले. सरळ बोलून गेले, "पंचायतीचा!"

"मग झालं की," तू म्हणालास. "खणलेला माल काय खिशात घालून नेणार आहेत? रस्ता देताना अटी घाल. खाण चांगली का वाईट, हे विचारत बसू नको आक्का. कुठं खणणार, किती खोल, कधी थांबणार आणि खणून झाल्यावर काय, हे विचार."

त्यावर मी म्हटलं की तू कंपनीची भाषा बोलतोस. तू म्हणालास की मी भाषणाची भाषा बोलते. आई म्हणाली, "तुमी दोघं बोला, मी म्हशीकडं जातो." आणि फोन माझ्या मांडीवर टाकून गेली.

मग तू ते म्हणालास. "त्या मोहितला मी एवढंच बोललो होतो, वावराचं आक्काला विचारा. ती म्हणेल तसं."

मी "बरं" म्हणून फोन ठेवला. तुला तुटक वाटलं असेल. पुढं बोलायला गेले असते तर रडू फुटलं असतं, आणि दारात पिराजी कागदावर सही घ्यायला उभे होते. सरपंचानं उपसरपंचासमोर रडून चालत नाही. म्हणून हे पत्र. वाचलंस ना? बास.

आज कोल्हापूरला कलेक्टर कचेरीत जाऊन आले. तिथल्या एक बाईसाहेब जेवणाचा डबा बाजूला ठेवून माझ्याशी बोलल्या. तू सांगितलंस तेच म्हणाल्या. रस्ता पंचायतीच्या नोंदीत आहे, जड वाहनं न्यायची तर पंचायतीची परवानगी, आणि परवानगीला रास्त अटी लावता येतात. सड्यावर जायला दुसरी वाट आहे ती जंगलातनं, तिथनं डंपर जाऊ देणार नाहीत. मला इतका आनंद झाला की त्यांना म्हटलं, "जयभीम, आणि तुमची भाजी थंड झाली."

पण एक सांगते. मला अजूनही खाण नकोच आहे. तुझं ऐकते आहे म्हणजे पटलंय असं समजू नको.

आक्का


चाफेवाडी
३० मार्च २०२५

प्रसेन,

फोनवर सगळं सांगितलं तरी हे लिहायलाच हवं, कारण फोनवर मी हसत होते आणि तुला निम्मंच कळलं.

कंपनीनं सड्याच्या पूर्वेच्या अंगाला, नेमकं आपल्या वाडीच्या डोक्यावर, चाचणीची बोअर मारायला घेतली. दोन दिवस नुसता घरघराट. आणि एका सकाळी झऱ्याचं पाणी तांबडं. हांडाभर घेतलं तर तळाला बोटभर चिखल. बायका हांडे घेऊन थेट माझ्या दारात.

त्याच आठवड्यात वरच्या आळीच्या पाण्याची मोटार जळली होती. हे पाणी आजीच्या काळात त्यांना चालत नव्हतं. आता उन्हाळ्यात मोटार बंद पडली की मोटरसायकलला कॅन बांधून वरची आळी खाली उतरते, आणि आपली वाडी त्यांना रांगेत घेते. तर त्या सकाळी उपसरपंच पिराजी स्वतः कॅन घेऊन आले. चिमणाबाई अगदी अदबीनं बाजूला झाल्या. "या उपसरपंच. पयलं तुमी भरा."

पिराजींनी कॅन लावला. बघितलं. परत बघितलं. "ह्यो च्या हाय का पाणी?"

"च्या हाय," चिमणाबाई म्हणाल्या. "पत्ती कंपनीची. साखर तेवढी तुमी आणा."

बायका पदर तोंडाला लावून अशा हसल्या की पिराजींनाही हसू आवरेना. मग मात्र कॅन तिथंच ठेवून ते मला म्हणाले, "चला सरपंच, वर जाऊ." दोघं सड्यावर चढलो. मोहितला खाली झऱ्यावर आणलं. पोरगा खोटा नाही. ओंजळीत पाणी घेतलं आणि तोंड उतरलं त्याचं. आमच्यासमोर फोन करून बोअर थांबवली. म्हणाला, "मॅडम, आमच्या नकाशावर हा झराच नाहीये."

तू फोनवर समजावलंस ते मी वाडीला भाकरीवर दाखवलं. वरचा पापुद्रा म्हणजे जांभा, भोकाभोकांचा, पाऊस पिणारा. खाली चिकणमातीचा थर, पाणी अडवणारा. त्या मातीवरनं घसरत पाणी आपल्याकडं येतं. तिला भोक पाडलं की पाणी कुठं जाईल सांगता येत नाही. भाकरी मग आईनं खाल्ली.

बोअर बंद झाल्यावर पाणी हळूहळू निवळलं. आज काचेसारखं आहे. पण वरची आळी बदलली आहे. पिराजींना खाण अजून हवीच, फक्त आता म्हणतात, "खणा, पर आमच्या च्यात खणू नका."

तू जयंतीला ये. कंपनी नकाशा घेऊन बसायला तयार आहे, आणि नकाशासमोर बसायला मला माझा माणूस हवा. गाव म्हणतंय म्हणून नव्हे, आई म्हणतेय म्हणूनही नव्हे. मी म्हणतेय.

आक्का


चाफेवाडी
३ मे २०२५

प्रसेन,

तू आणि प्रीती गेल्यापासून आईची घरातल्या प्रत्येकाला तुझी टोपी दाखवून झाली. विसरून गेलास की मुद्दाम ठेवलीस, ते तुझं तुला माहीत. म्हशीच्या शिंगावर घालायचा बेत मी हाणून पाडला.

महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा कशी झाली ते फोनवर तुकड्या-तुकड्यांनी ऐकलंस. सलग लिहिते. पण त्याआधी, जयंतीला आला होतास तेव्हाच्या त्या दिवसाचं, जे आपण दोघं बोललोच नाही.

सड्यावर नकाशा दगडांनी दाबून तू रेघ ओढत होतास. जुन्या पायवाटेच्या पूर्वेला हात लावायचा नाही, पश्चिमेला खणायचं. रेघ ओढता-ओढता तुझं पेन थांबलं. दादांचं वावर रेघेला लागूनच होतं, पण खाणीच्या अंगाला. पेन जरासं वाकवलं असतं तर वाचलं असतं. मोहित स्वतःहून म्हणाला, "सर, इथं थोडं आत घेऊ या का? आम्हाला चालेल." पिराजी तिकडं आभाळाकडं बघत उभे राहिले. तू माझ्याकडं बघितलंस.

"सरळ ओढ," मी म्हणाले.

सरपंचाच्या वावराला वळसा घालणारी रेघ गावानं कशाला मानावी? एवढं मला तेव्हा सुचलं होतं. बाकीचं नंतर, घरी आल्यावर, चुलीपुढं बसून सुचलं, आणि आईनं विचारलं तेव्हा धुराचं निमित्त पुरलं. तू उतरताना माझी पाण्याची बाटली संपवलीस आणि मोकळी बाटली परत दिलीस. लहानपणापासून हेच.

तर ग्रामसभा. मोहितचे मोठे साहेब पुण्याहून आले होते. बाकी अटींना हो म्हणाले. पूर्वेला खणायचं नाही, मान्य. वरची माती वेगळी राखायची, एक पट्टा खणून झाला की तो भरायचा आणि मगच पुढचा उघडायचा, मान्य. शाळा भरताना-सुटताना डंपर बंद, मान्य. पण चिकणमातीच्या थराच्या वर हातभर थांबायचं, ही अट म्हणे परवडत नाही. कोर्टात जाऊ. नाहीतर दुसरा मार्ग बघू.

मी उत्तर देणार तोच पिराजी उठले. "दुसरा मार्ग म्हंजे? रस्ता पंचायतीचा हाय, साहेब. न्हाय पटत तर डंपर उडवत न्या की. आमी खालनं टाळ्या वाजवतो."

पटांगणाचं पोट हसून हसून दुखायला लागलं. मोठे साहेबही शेवटी हसले, आणि हसलेला माणूस फार वेळ कोर्टाची भाषा बोलू शकत नाही. मोहितनं त्यांच्या कानात बराच वेळ काहीतरी सांगितलं. मान्य झालं. रस्त्याच्या तोंडाला पंचायतीचं फाटक, अट मोडली की फाटक बंद, हेही ठरावात आलं. हात वर झाले तेव्हा मी मोजले नाहीत. मोजायची गरज नव्हती.

रविवारी काम बंद, ही माझी अट मात्र पडली. पिराजींनीच पाडली, रविवारची मजुरी कोण सोडणार म्हणून. आपल्या वाडीतल्या पोरांचेही हात त्यांच्या बाजूनं होते. घरी येऊन चिडले, मग म्हटलं असू दे. काम हवं असणारी माणसंही माझीच आहेत.

तुझे भावजी फौंड्री सोडून खाणीत अर्ज करणार आहेत. सरपंचाच्या नवऱ्याचं नाव पहिल्या भरतीत येणार नाही, असं मी सांगितलं. त्यावर "मग मी सरपंचालाच सोडतो" म्हणाले आणि दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

वावराच्या भाडेकरारावरच्या आपल्या सह्या मी कंपनीला दिल्या, खणून झालं की जमीन परत. तुझं नाव तू आधी लिहिलंयस आणि खाली माझ्यासाठी जागा सोडलीयस, तीही अशी ऐसपैस की माझं नाव तिथं दोनदा बसलं असतं. पावसाळा संपला की काम सुरू.

आक्का


चाफेवाडी
९ नोव्हेंबर २०२५

प्रसेन,

दिवाळीत निवांत बोलणं झालं, तरी फोनवर तू इतका "हं, हं" करतोस की ऐकतोयस का जेवतोयस कळत नाही. लिहिलेलं बरं.

डंपर सुरू झाले. धूळ आहे, आवाज आहे, आईनं सकाळी उठून शिव्या घालायला एक नवीन जागा झाली आहे. रस्त्यावर पाणी मारायचा टँकर दोन दिवस आला नाही, तर वाडीतल्या बायकांनी मोहितला बोलावून ओसरीवर बसवलं आणि ओसरी झाडायला घेतली. तिसऱ्या दिवशी टँकर आला.

फाटकावर कुणाला बसवायचं यावर पंचायतीत लांबलचक चर्चा झाली आणि शेवटी पिराजी म्हणाले, तोवर मी बसतो. गुरुवारी सकाळी शाळा भरायच्या वेळेला एक डंपर खाली आला. पिराजींनी फाटक ओढलं, खुर्ची आणली आणि रस्त्याच्या मधोमध मांडून बसले. ड्रायव्हर म्हणजे त्यांचाच पुतण्या. तो वरनं ओरडला, "काका, उशीर हुतोय! साहेबाला फोन लावून देऊ का?"

"तुझ्या साहेबाच्या साहेबाला लाव. पोरं वर्गात गेल्याबिगर फाटक उघडत न्हाय."

"आवो, मी घरचा हाय की!"

"म्हणून तर च्या सांगितलाय तुला. उतर खाली."

मी ग्रामपंचायतीच्या दारातनं बघत होते. पोरं दप्तरं हलवत डंपरच्या चाकाला वळसा घालून शाळेत गेली. घंटा झाली. पिराजींनी चहा संपवला, बशी पुसली, खुर्ची उचलली आणि मगच फाटक उघडलं. प्रसेन, मला आयुष्यात इतकं सरपंच असल्यासारखं कधी वाटलं नव्हतं, आणि त्या वेळी मी काहीच करत नव्हते.

परवा पोकलेन आपल्या वावरात आलं. मी जाणार नव्हते. आई म्हणाली, "मी बघून येतो," आणि काठी घेऊन निघाली, मग मलाही जावं लागलं. त्यांनी आधी वरची माती खरवडून बांधाला वेगळी रास केली. दादांची सगळी माती. एवढी होती हे मला माहीत नव्हतं. पसरलेली असताना कळत नाही. आई राशीजवळ गेली, मूठभर उचलून वास घेतला, परत टाकली. पोकलेनवाल्याला म्हणाली, "नीट ठिव बाबा. लागणार हाय आमाला."

पट्टा भरून ती माती परत पसरायला पुढची दिवाळी उजाडेल, मोहित म्हणतो. पण त्यावर काय लावायचं, यावर घरात आतापासूनच तंडून झालंय. आई म्हणते नाचणी. मी म्हणते काजू. तुझे भावजी म्हणतात, बांबू लावा, कुणी राखायला नको. काल रात्रीचं जेवण यातच थंड झालं, आणि आज सकाळी पिराजी येऊन, न विचारता, आंबा म्हणून गेले.

तुझं मत लेखी पाठव. बंधनकारक असणार नाही, पण विचारात घेतलं जाईल.

आक्का